सुलेखाच्या फॉर्मवरची खूण

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझ्या तोंडाकडं बघून अंदाज बांधायला नकोत. सुलेखाचा मला हेवा वाटायचा. वाटायचा काय, अजूनही वाटतो. तिच्याबद्दल चार शब्द लिही असं इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी सरितानं सांगितलं, तेव्हा मी हो म्हटलं खरं. पण जे लिहिलं ते अंकात छापण्यासारखं नाही, म्हणून हे माझ्याजवळच ठेवणार आहे.

सुलेखा मिरजेची. वडील शाळेत हेडक्लार्क, घरात दोन मुली, ही धाकटी. लग्न होऊन २००३ साली जर्मनीत वाल्डॉर्फला आली, आमच्याच बिल्डिंगमध्ये. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, ती दोघं पहिल्या. तिचा नवरा सुधीर आणि माझा उल्हास एकाच सॉफ्टवेअर कंपनीत. ती आली त्या दिवशी पिठलं-भाताचा डबा घेऊन स्टेशनवर कोण गेलं होतं? मी. कचऱ्याचे चार डबे कुठले, जिना झाडायची पाळी कधी, रविवारी वॉशिंग मशीन लावलं तर खालची फ्राऊ बेकर कशी दार ठोठावते, हे सगळं तिला मी शिकवलं. आणि वर्षभरात काय झालं? त्याच फ्राऊ बेकर तिला त्यांच्या झाडाचे प्लम आणून द्यायला लागल्या. मी त्या बाईला दोन वर्षं रोज ‘गुटन टाग’ म्हणून नमस्कार घालत होते, मला कधी एक बी मिळाली नाही!

बरं, सुलेखात असं होतं तरी काय? रूप बेताचं. शिक्षण बी.कॉम. जर्मन तर अशी की क्रियापद शेवटी टाकायचं म्हणून कधी कधी टाकायचंच विसरायची. पण जुन्या बाजारातून तिनं एक शिलाई मशीन आणलं आणि सगळ्या मराठी बायकांचे ब्लाउज शिवून द्यायला लागली. साड्यांना फॉल लावायची. फ्राऊ बेकरच्या नवऱ्याच्या, हेर बेकरच्या पँटची चेन बदलून दिली. माझाही एक ब्लाउज शिवला तिनं, न मापता, नुसता डोळ्यानं अंदाज घेऊन. इतका चोख बसला की मला रागच आला. आणि गंमत म्हणजे, दिवसभर सुईशी खेळणारी ही बाई अंगात सुई घ्यायची म्हटलं की पांढरीफटक पडायची. सर्दी झाली की डॉक्टरकडं जायच्या आधी विचारायची, “टोचणार नाहीत ना गं?”

इथपर्यंत ठीक होतं. प्लम आणि ब्लाउज यांच्यावर माणूस किती दिवस जळणार?

पण आम्हाला मूल होत नव्हतं. हायडेलबर्गच्या एका क्लिनिकमध्ये मी आणि उल्हासनं तीन वेळा उपचार घेतले. रोज स्वतःच्या पोटात हार्मोनची इंजेक्शनं टोचायची, मग बीजं काढायची, मग गर्भ आत सोडायचा आणि मग दोन आठवडे देवाला त्रास द्यायचा. दोनदा काहीच नाही. तिसऱ्यांदा राहिलं, आणि सहाव्या आठवड्यात गेलं. त्यानंतर त्यांनी माझं रक्त गोठण्याच्या तपासणीला पाठवलं. नळ्या किती भरल्या ते मोजायचंही मी सोडून दिलं. रक्त काढणारी बाई बडबडी होती. तिनं समजावून सांगितलं की या इंजेक्शनांनी शरीरात हार्मोन एवढं वाढतं की रक्ताला वाटतं बाळंतपण जवळ आलं, आता फार रक्त जायचं. म्हणून ते गोठायच्या तयारीला लागतं. बहुतेकींना त्याचं काही होत नाही. पण ज्यांच्या घराण्यातच रक्त गोठवणाऱ्या एखाद्या फॅक्टरमध्ये, म्हणजे घटकात, खोट असते, त्यांच्या शिरेत गाठ होऊ शकते. मग ती गाठ सुटून फुप्फुसात गेली की संपलं. “म्हणून तर फॉर्मवर तो घराण्याचा प्रश्न असतो,” ती म्हणाली.

माझे सगळे फॅक्टर स्वच्छ निघाले. एकातही खोट नाही. असं देखणं रक्त घेऊन मी घरी आले आणि रडले.

आणि मग २००६ च्या मे महिन्यात सुलेखा वर आली. हातात त्याच क्लिनिकचा चार पानी फॉर्म. “नंदिनी, आमचंही आता तिथंच बघायचं म्हणतोय. तू येशील का माझ्याबरोबर? सुधीरला सुट्टी नाही, आणि तुला तिथलं सगळं माहीत आहे.”

माहीत होतं ना! तीनदा हात हलवत परत आल्यावर माणसाला तिथल्या खुर्च्यासुद्धा माहीत होतात.

गेले. बरोबर तिच्या सासूबाई होत्या, कुंदाकाकू. नाशिकहून नुकत्याच तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या. त्यांना घरी एकटं बसायचं नव्हतं, म्हणून त्याही आल्या. वेटिंग रूममध्ये आम्ही तिघी ओळीनं बसलो, मधे काकू. मी फॉर्मवरचा एकेक प्रश्न मराठीत सांगायची, सुलेखा उत्तर द्यायची, मी खूण करायची. जन्मतारीख, वजन, पाळी, ऑपरेशन. तिसऱ्या पानावर तो प्रश्न आला. मी वाचला, “तुझ्या रक्ताच्या नात्यात कुणाच्या पायात, छातीत रक्ताची गाठ झाली होती का? कुणी अचानक, तरुणपणी गेलं का?”

सुलेखानं एकदम काकूंकडं पाहिलं.

काकूंनीच उत्तर दिलं. “छे गं! आम्ही सगळं नीट बघून केलेली सोयरीक. यांच्या घराण्यात काही नाही.”

“नाही,” सुलेखा म्हणाली. मी ‘नाही’च्या चौकोनात फुली मारली.

फॉर्म भरणं म्हणजे आपल्याकडं मुलगी दाखवायचंच काम. चष्मा सांगायचा नाही, कोड सांगायचं नाही, मामाची फिट सांगायची नाही. समोर डॉक्टर असो की वरपक्ष, सासू शेजारी बसली की घराणं स्वच्छच असतं. हे कुठल्या जर्मन डॉक्टरला कळणार? तो बिचारा फुली बघतो आणि पुढं जातो.

परतताना हायडेलबर्ग स्टेशनवर काकू बाथरूमला गेल्या. बाकावर आम्ही दोघीच. सुलेखानं माझं मनगट धरलं.

“नंदिनी, ते मघाचं खरं नाही गं. लतिकाताई. माझी मोठी बहीण. बाळंतपणानंतर तिचा पाय सुजला. वारं लागलं म्हणून निरगुडीचा पाला बांधला आम्ही. बाराव्या दिवशी न्हाणीघरात पडली, ती गेलीच. पुढच्या वर्षी माझ्यासाठी हे स्थळ आलं. आजोळच्या लोकांनी ठरवलं, तापानं गेली असं सांगायचं. नाहीतर म्हणतील, या घरच्या मुली बाळंतपणात टिकत नाहीत. सुधीरलाही माहीत नाही.” तिचा आवाज फाटला होता. “ते लिहायला हवं होतं का गं?”

“हो,” मी म्हटलं. “पण घाबरू नकोस. सोमवारी मी फोन करून त्यांना सांगते. ते गुपचूप एक तपासणी करतील. काकूंना कळायचं कारण नाही.”

तिनं सुटकेचा श्वास टाकला. बाथरूममधून काकू आल्या, आम्ही गाडीत बसलो, आणि तिनं पर्समधून काढून मला एक लिमलेटची गोळी दिली.

सोमवारी मी फोन लावला. खोटं सांगत नाही, लावला. पलीकडून बाई म्हणाली, “बिट्टे?”, म्हणजे बोला, आणि माझ्या डोक्यात काय आलं, ते आज पहिल्यांदा शब्दात मांडतेय. हिच्याच वेळी सगळं इतकं जपून का? माझ्या पहिल्या वेळी कुणी आधी माझं रक्त तपासलं होतं? हिला प्लमही आयते, प्रेमही आयतं, आणि आता हिच्यासाठी मी फोन करायचा? एकदा हिचंही फसू दे. एकदा तरी हिलाही कळू दे, रिकाम्या हातानं ट्रेनमध्ये बसणं काय असतं ते.

मी फोनवर माझ्याच फाइलची काहीतरी चौकशी केली आणि ठेवून दिला.

ती मरावी असं माझ्या मनात नव्हतं. हेही खरंच आहे. पण मरू शकते हे मला माहीत होतं, आणि मी ते तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं. ठेवता येतं, विश्वास ठेवा.

दोन दिवसांनी जिन्यात तिनं विचारलं, “केलास फोन?”

“केला.”

जूनभर इथं फुटबॉलच्या वर्ल्ड कपची धूम होती. प्रत्येक गाडीवर, प्रत्येक गॅलरीत झेंडे. सुधीर तिला रोज संध्याकाळी हार्मोनचं इंजेक्शन द्यायचा आणि ती डोळे मिटून सतराचा पाढा म्हणायची, कारण तो पाढा तिला पक्का येत नव्हता आणि त्यात लक्ष गुंतायचं. बीजं खूप आली, पोट फुगलं, चार दिवस धाप लागली. महिनाअखेरीस गर्भ सोडला. आणि जुलैत ती माझ्या दारात उभी, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू.

पहिल्याच वेळी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला मिठी मारली, साखर भरवली, “किती छान गं” म्हटलं, आणि दार लावून घेऊन बेसिनचा नळ मोठा सोडला. उल्हासनं विचारलं काय झालं, तर त्याच्यावर खेकसले. त्यानंतर मी तिच्याकडं जाणं टाळायला लागले. तिच्या उलट्यांचं कौतुक ऐकवायचं नाही मला. खाली तिच्या दारावरून जाताना मी पावलं न वाजवता जायची, माझ्याच बिल्डिंगमध्ये चोरासारखी.

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी तिचा फोन आला. “नंदिनी, डावीकडं मान फार अवघडलीय गं. हातही जड वाटतो. येतेस का जरा?”

“उशी बदल,” मी म्हटलं. “उद्या बघते.”

बुधवारीही गेले नाही. गुरुवारी काकूच वर आल्या, शेकायची पिशवी मागायला. म्हणाल्या, पोरीला मान हलवता येत नाही, मिठाची पुरचुंडी गरम करून शेकतेय, आता तेल लावून चोळते. पिशवी घेऊन मी त्यांच्या मागोमाग उतरले.

सुलेखा पलंगावर टेकून बसली होती. गळ्याच्या डाव्या बाजूला, हाडाच्या वर, सूज. हात खांद्यापासून लालसर आणि उजव्यापेक्षा जाड. काकू तेलाची वाटी घेऊन पुढं झाल्या.

“काकू, हात लावू नका तिला!” मी एवढ्या जोरात ओरडले की वाटीतलं तेल चादरीवर सांडलं.

“अगं, काय झालं काय? तू मोठी डॉक्टर लागून गेलीस!”

मी काही न ऐकता ११२ लावला. अँब्युलन्स यायला काही मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ सुलेखा माझ्याकडं बघत होती आणि मी खिडकीतून बेकरांच्या गॅलरीतला उन्हानं विटलेला झेंडा बघत होते. देवा, एवढी गाठ सुटू देऊ नकोस. मला मूल देऊ नकोस, हवं तर कधीच देऊ नकोस, पण ही गाठ सुटू देऊ नकोस. असा सौदा मी तेव्हा केला.

हॉस्पिटलमध्ये सोनोग्राफीत मानेच्या शिरेत गाठ दिसली. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. क्लिनिकमधून फॅक्सवर आलेली फाइल त्याच्या हातात. तोवर सुधीरही धावत आला होता. काकू कोपऱ्यातल्या खुर्चीवर. डॉक्टरनं तिसरं पान वर केलं. “तर, इथं लिहिलंय, कुटुंबात कुणालाही गाठ झालेली नाही. हे खरं आहे का? औषध किती दिवस द्यायचं ते यावर ठरणार आहे.”

ते पान मला लांबूनही ओळखू आलं. माझीच फुली. तिच्याखाली कुणी काही लिहिलेलं नव्हतं.

सुलेखाही त्या पानाकडं बघत होती. मग ती स्वतःच बोलली, तिच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, सासू आणि नवऱ्यासमोर. माझी बहीण. बाळ झालं, पाय सुजला, बारा दिवस, मेली.

“मग हे तुम्ही क्लिनिकला का सांगितलं नाही?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. एक सेकंद. आता ती सांगणार, सुधीरला कळणार, उल्हासला कळणार, सगळ्या गावाला कळणार की नंदिनीनं काय केलं.

“मी कुणालाच सांगितलं नव्हतं,” सुलेखा म्हणाली.

डॉक्टरनं मान हलवली आणि लिहून घेतलं. काकू सुधीरला विचारायला लागल्या, काय म्हणाली, काय म्हणाली. त्यानं सांगितलं, “आई, लतिकाताई तापानं नव्हती गेली.” काकूंनी उठून सुनेच्या पायावरची चादर नीट केली आणि म्हणाल्या, “मग आधी सांगायचं नाहीस होय गं? मी काय वाघ आहे का?” आणि पदर तोंडाला लावला.

तपासणीत निघालंच. फॅक्टर फाइव्हमध्ये घराण्यातून आलेली खोट. आता बाळंत होईपर्यंत आणि त्यानंतरही सहा आठवडे, रोज रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन. पोटात.

सुधीरला हॅम्बर्गचं प्रोजेक्ट लागलेलं, सोमवार ते गुरुवार तो तिकडं. काकूंचा व्हिसा संपत आलेला. हॉस्पिटलच्या बाईनं सांगितलं, काही काळजी करू नका, रोज घरी नर्स पाठवायची सोय होते, हा घ्या अर्ज. सुलेखानं तो अर्ज हातात घेतलाच नाही.

“नर्स नको. नंदिनी देईल. रोज सहा वाजता.”

मला विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं, केवढा हा भाबडा विश्वास! आणि मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला मी दोन मजले उतरायची. हात धुवायचे, तिच्या पोटाची चिमटीत घडी धरायची, सुई सरळ आत. ती डोळे मिटून सुरू करायची, सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. पंच्याऐंशीपर्यंत माझं काम झालेलं असायचं. पोटावर निळे डाग, जुने पिवळे पडलेले, आणि त्या डागांखाली ते पोट दर आठवड्याला वाढत होतं. ज्या पोटाकडं बघायला नको म्हणून मी चोरपावलांनी जिना उतरायची, ते रोज माझ्या चिमटीत! माझ्याही पोटावर असेच डाग पडले होते तीन-तीन वेळा, आणि खाली काही नव्हतं. किती जळले म्हणून सांगू. वर येऊन कणीक तिंबायची, तर उल्हास म्हणायचा, पोळ्या करतेयस की कुणाला बडवतेयस?

पण चुकवली नाही. एकशे तीन ताप असताना तोंडाला रुमाल बांधून गेले. उल्हासच्या कंपनीची ख्रिसमसची पार्टी सोडली. एकदा बर्फामुळं ट्रेन थांबली, तर शेजारच्या वीसलोखच्या स्टेशनपासून घरापर्यंत चालत आले आणि सहाला दोन मिनिटं कमी असताना तिची बेल वाजवली.

जानेवारीत तिचं डोहाळेजेवण केलं. मंडळाच्या नऊ बायका जमल्या. सुपरमार्केटच्या शेवंतीच्या फुलांचे दागिने सुलेखानंच ओवले होते, कारण तिच्यासारखे दुसऱ्या कुणाला ओवता येईनात. हिरवी साडी, कपाळावर फुलांची बिंदी. सरितानं मला हळूच बाजूला घेतलं. “नंदिनी, राग मानू नकोस हं. ओटी आम्ही मुलाबाळांवाल्या भरतो. तू वाढायचं बघशील का?”

“बघते की,” मी म्हटलं, आणि श्रीखंडाच्या पातेल्यात डाव असा घातला की पातेलं फुटलं नाही हेच नशीब.

बायका गाणी म्हणत होत्या. सहाला पाच मिनिटं होती. सुलेखा सजवलेल्या खुर्चीवरून उठली. “थांबा हं जरा. नंदिनी, वेळ झाली.”

बेडरूममध्ये तिनं साडी बाजूला केली. मी सुईचं टोपण काढलं, चिमटीत घडी धरली. ती म्हणायला लागली, सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. आणि माझ्या बोटांखाली काहीतरी सरकलं. आतून. एक बारीकशी लाथ, बरोबर माझ्या अंगठ्यावर.

माझा हात थांबला. पुढचं मला आवरलंच नाही.

“सुलेखा, मी त्यांना सांगितलंच नव्हतं. फोन केला, पण तुझं सांगितलं नाही. विसरले नव्हते. मुद्दाम नाही सांगितलं.”

तिनं डोळे उघडले. बिंदी तिरकी झाली होती.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “त्या डॉक्टरनं पान वर केलं, तेव्हाच कळलं.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू तोंड लपवून वर बसली असतीस. मग रोज मला टोचायला कोण आलं असतं?” ब्लाउजचा हुक कुठं हवा ते सांगावं, तशा आवाजात ती बोलत होती. “नर्सला मी उगीच नाही ‘नको’ म्हटलं. नर्सला बर्फ आडवा आला असता, सुट्टी लागली असती. जगात एकच बाई होती, जिच्याच्यानं एक दिवससुद्धा चुकवणं झालं नसतं. मला माझं बाळ हवं होतं, नंदिनी. म्हणून मी तुला धरलं.”

बाहेर कुणीतरी पाळण्याचं गाणं धरलं होतं.

“दे आता,” ती म्हणाली. “चौतीसवर अडकलेय मी. पुढं काय?”

“एक्कावन्न,” मी म्हटलं, आणि सुई टोचली.

पदर सावरून ती बाहेर जाऊन बसली, आणि मी डाव घेऊन पंगतीत फिरले. त्यानंतर शंभराहून जास्त सुया मी तिला दिल्या, एकही चुकवली नाही. मार्चमध्ये तिला मुलगी झाली, ऊर्जा. माझ्या घरी अजून पाळणा नाही, आणि मी बरी झाले, निवळले, असंही नाही. ऊर्जा धावत जिना चढून आली की अजून मी कणीक तिंबायला घेते. फक्त पूर्वी वाटायचं, सुलेखाला सगळं आयतं मिळालं. आता माहीत आहे की मानेत गाठ घेऊन, मरायच्या दारात पडलेली असताना, एका सेकंदात तिनं मला ओळखलं, माफ न करता कामाला लावलं, आणि मुलीसकट आम्हा तिघींना तारून नेलं. तिच्या जागी मी असते, तर तो एक सेकंद मी नंदिनीचं नाव सांगण्यात घालवला असता.